हिंदू कॉलनीतले राजगृह

दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बांधलेले ‘राजगृह’ आहे. तळमजल्यावरच्या खोल्यांत त्यांच्या वस्तूंचे संग्रहालय, वर आंबेडकर कुटुंबाचे राहते घर आणि आजूबाजूला इतर दहा कॉलन्यांत असतात तशी मध्यमवर्गीय बिऱ्हाडे. महाराष्ट्रात स्मारक झालेली घरे पुष्कळ आहेत. रत्नागिरीचे टिळकांचे जन्मस्थान, मालगुंडचे केशवसुतांचे घर, भगूरचा सावरकरांचा वाडा ही त्यांतली ठळक उदाहरणे. त्यांतली बहुतेक घरे थोर माणूस तिथे जन्मला म्हणून जपली गेली. राजगृहाची गोष्ट वेगळी आहे. हे घर मालकाने चाळिशीत, कर्ज काढून, स्वतःच्या गरजेप्रमाणे बांधून घेतले. वाड्यांच्या किंवा कौलारू घरांच्या जगाशी त्याचा संबंध नाही. ते मुंबईच्या पहिल्या आखीव उपनगरातले घर आहे, आणि त्या उपनगराचा इतिहास बाजूला ठेवला तर राजगृहाचा निम्मा अर्थ हाती लागत नाही.

दादरला उपनगर म्हटले तर आजच्या मुंबईकराला हसू येईल. सरकारी हिशेबात उपनगरे माहीम आणि शीवच्या पलीकडे सुरू होतात, आणि दादर तर शहराच्या मधोमध आहे. पण १९०० च्या सुमारास शहराची दाट वस्ती फोर्ट, मांडवी, गिरगाव, भायखळा या भागात होती. परळच्या गिरण्या ओलांडल्या की पुढे भातखाचरे, माडांच्या वाड्या, मिठागरे आणि भरतीचे पाणी शिरणारी सखल जमीन लागत असे. दादर-माटुंगा ही तेव्हाच्या लोकांच्या लेखी गावाबाहेरचीच जागा होती.

ती जागा शहराच्या नकाशावर आली प्लेगमुळे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीतल्या रुग्णांत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली, गिरण्या ओस पडल्या आणि बंदरातला व्यापार मंदावला. रोग पसरतो तो दाटीमुळे, अंधाऱ्या आणि कोंदट खोल्यांमुळे, असा त्या वेळचा वैद्यकीय समज होता. पिसू आणि उंदीर यांचा वाटा नीट कळायला अजून काही वर्षे होती. तेव्हा उपाय ठरला तो घरे पाडून हवा खेळती करण्याचा. त्यासाठी १८९८ मध्ये कायदा करून ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था उभी करण्यात आली. रुंद रस्ते काढणे, गलिच्छ वस्त्या हटवणे, कामगारांसाठी चाळी बांधणे आणि शहराच्या उत्तरेला नवी वस्ती वसवणे ही तिची कामे होती.

ट्रस्टने पाडापाडी जोरात केली. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यातून निघाले. पाडलेल्या घरांतली माणसे कुठे जाणार, या प्रश्नाकडे मात्र तितक्या तत्परतेने पाहिले गेले नाही. बरीचशी शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली दाटी वाढली. ट्रस्टने बांधलेल्या चाळी आजही ‘बी. आय. टी. चाळी’ याच नावाने ओळखल्या जातात. साधारण दहा बाय दहाची खोली, आत चूल आणि मोरी, बाहेर सामाईक गॅलरी, मजल्याच्या टोकाला सामाईक नळ आणि संडास असा त्यांचा नमुना. जुन्या खासगी चाळींपेक्षा त्या हवेशीर आणि मजबूत होत्या. पण एका खोलीत एक कुटुंब हा हिशेब तोच राहिला.

ट्रस्टच्या कामाची ही एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा योजना. १८९९-१९०० मध्ये त्यांची आखणी झाली. या पट्ट्यात लाखाहून अधिक लोकांना वसवण्याचा मूळ बेत होता. जमीन ताब्यात घेऊन, भराव टाकून, आधी रस्ते आणि गटारे करायची आणि मग प्लॉट पाडून ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचे, असा क्रम ठरला. मुंबईत तोवर घर आधी आणि रस्ता मागून अशीच रीत होती. प्लॉटवर घर बांधताना भोवती मोकळी जागा सोडायची आणि तीन मजल्यांपेक्षा उंच जायचे नाही अशा अटी होत्या. रस्त्यांच्या कडेला झाडे लावली गेली. मधोमध काढलेला हमरस्ता किंग्जवे आणि व्हिन्सेंट रोड या नावांनी ओळखला जाई, आणि त्यावरून ट्राम उत्तरेकडे येई. दादर टी. टी. या नावातला ‘टी. टी.’ म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून निघून इथेच आली. ट्राम जाऊन साठ वर्षे झाली तरी टॅक्सीवाल्याला दादर टी. टी. सांगितले की पुरते.

प्लॉट भराभर खपले मात्र नाहीत. एवढ्या लांब राहायला जायचे कोणी, असा प्रश्न होता. पहिले महायुद्ध संपले, शहरात जागेची टंचाई वाढली आणि १९२० च्या दशकात इथे इमारती उठू लागल्या. ट्रस्टमधले अभियंता मंचरजी जोशी यांनी पारशांसाठी प्लॉट मिळवून दादर पारशी कॉलनी वसवली. तिच्या शेजारी हिंदू कॉलनी, पुढे माटुंग्यात तमिळ आणि गुजराती वस्ती. उपनगर आखणाऱ्यांनी नकाशावर जातीधर्माच्या रेघा ओढल्या नव्हत्या, पण प्लॉट घेणाऱ्यांनी त्या जमिनीवर ओढल्या. हिंदू कॉलनीत मुख्यतः कारकून, शिक्षक, डॉक्टर, वकील अशी पांढरपेशी कुटुंबे आली आणि त्यांत उच्चवर्णीयांचा भरणा होता. शाळा आली. व्ही. जे. टी. आय. ही तंत्रशिक्षण संस्था १९२३ मध्ये भायखळ्याहून माटुंग्याला हलली. १९३७ मध्ये रुईया आणि खालसा ही महाविद्यालये निघाली. धर्मांतराच्या विचारात असताना आंबेडकरांचा शीख नेत्यांशी जो संवाद चालू होता, त्याचा खालसा कॉलेजच्या स्थापनेशी जवळचा संबंध आहे.

या वस्तीत राहण्याची जी नवी तऱ्हा रुजली तिला मुंबईच्या मराठीत ‘ब्लॉक’ म्हणतात. दोन-तीन खोल्या, स्वतंत्र स्वयंपाकघर, आणि महत्त्वाचे म्हणजे घराच्या आतच न्हाणीघर व संडास. चाळीतून ब्लॉकात राहायला जाणे ही दोन पिढ्यांची महत्त्वाकांक्षा झाली. संडास घरात घेणे मात्र सोपे नव्हते. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांना तो चालत नसे, आणि तो साफ करणारा माणूस स्वयंपाकघरावरून जाणे तर अजिबात चालत नसे. तेव्हा मार्ग काढला गेला. संडास घराच्या अगदी मागच्या टोकाला घ्यायचा आणि मागच्या भिंतीला लागून वेगळा अरुंद जिना चढवायचा. बऱ्याचदा तो लोखंडी, गोल वळणाचा असे. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींच्या मागच्या गल्लीत उभे राहून वर पाहिले, तर गंजलेल्या पायऱ्यांचे असे जिने काही ठिकाणी अजून दिसतात. पुढचा जिना राहणाऱ्यांचा आणि मागचा सफाई कामगारांचा. आधुनिक वस्तीच्या नकाशात जात कुठे बसवली गेली हे इतके स्वच्छ दाखवणारी दुसरी वस्तू मुंबईत क्वचितच सापडेल.

आंबेडकर याच ट्रस्टच्या चाळीतून याच ट्रस्टच्या वस्तीत आले. १९१२ पासून त्यांचे बिऱ्हाड परळच्या बी. आय. टी. चाळ क्रमांक १ मध्ये, दुसऱ्या मजल्यावर होते. खोली क्रमांक ५० आणि ५१ या त्यांच्या खोल्या म्हणून दाखवल्या जातात. त्याआधी त्यांची विद्यार्थिदशेतली काही वर्षे परळच्याच डबक चाळीत एका खोलीत गेली. स्वयंपाक, झोपणे, अभ्यास सगळे तिथेच होई. वडील रामजी सकपाळ मुलाला मध्यरात्रीनंतर उठवून अभ्यासाला बसवत, कारण घर शांत असे ते तेवढ्याच वेळी. बी. आय. टी. चाळीत दोन खोल्या झाल्या तरी माणसेही वाढली. पत्नी रमाबाई, मुलगा यशवंत, थोरल्या भावाची विधवा पत्नी लक्ष्मीबाई आणि तिचा मुलगा मुकुंद. याच चाळीत कोल्हापूरचे शाहू महाराज त्यांना भेटायला आले होते. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकून आलेला, बॅरिस्टर झालेला, गोलमेज परिषदेला जाऊन आलेला माणूस १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाळीत राहत होता. कचेरी होती ती जवळच दामोदर हॉलच्या आवारात.

घर हा विषय त्यांच्या बाबतीत केवळ ऐपतीचा नव्हता. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला ते गेले तेव्हा त्या शहरात त्यांना कोणी खोली देईना. शेवटी नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. काही दिवसांत लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेला. हिंदू आणि ख्रिस्ती परिचितांकडेही आसरा मिळाला नाही आणि ते मुंबईला परतले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्याच वर्षी त्यांना आणखी एक फटका बसला. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके आणि सामान आगबोटीने मागाहून येत होते. महायुद्धात ती बोट बुडवली गेली आणि पुस्तके समुद्रात गेली. हक्काचे घर नाही आणि पुस्तकांना जागा नाही या दोन्ही गोष्टींचा अनुभव पाठीशी असलेला माणूस घर बांधायला निघाला तेव्हा त्याने काय बांधले, हे पाहण्यासारखे आहे.

वकिलीत जम बसल्यावर १९३० च्या सुमारास त्यांनी हिंदू कॉलनीत दोन प्लॉट घेतले. एकावर राहायचे घर आणि दुसऱ्यावर भाड्याने देण्यासाठी इमारत, असा बेत होता. भाड्याच्या उत्पन्नातून कर्जाचे हप्ते निघतील हा त्यामागचा हिशेब. दादरमध्ये तेव्हा असे पुष्कळ जण करत. बांधकाम १९३१ मध्ये सुरू झाले आणि दोनेक वर्षांत राहते घर उभे राहिले. योगायोग असा, की १९३३ मध्येच इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. भाड्याच्या इमारतीचे नाव ‘चार मिनार’ ठेवले आणि घराचे ‘राजगृह’. राजगृह ही मगधाची जुनी राजधानी. बिंबिसार राजाने बुद्धाला वेळुवन दिले ते तिथेच, आणि बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली धम्मसंगीती भरली तीही तिथेच. येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची धम्मदीक्षा १९५६ ची. घराच्या दारावर बौद्ध इतिहासातले नाव चढले ते या दोन्हींच्या आधी. त्यावरून धर्मांतराचा निर्णय तेव्हाच झाला होता असे अनुमान काढणे घाईचे होईल. वाचन कोणत्या दिशेने चालले होते, एवढे मात्र त्यातून कळते.

घराची आखणी पुस्तके डोळ्यांपुढे ठेवून झाली होती. तळमजल्यावर कुटुंबाचा संसार, वर ग्रंथालय आणि कार्यालय. दादरच्या इतर घरांत दिवाणखाना हा घराचा दर्शनी भाग असे. इथे तो मान ग्रंथालयाला होता. जागा ठरली ती कपाटे कुठे बसतील, उजेड कुठून येईल आणि टेबल कुठे ठेवायचे यावरून. आंबेडकर बराच काळ वरच असत. कामाची तंद्री लागली की खाली जेवायला येण्याचेही भान नसे, आणि पुस्तक उसने मागणाऱ्याला ते सहजी देत नसत. जॉन गुंथर या अमेरिकी पत्रकाराने १९३८ च्या सुमारास हे ग्रंथालय पाहून तिथे ८,००० पुस्तके असल्याचे लिहिले. पुढच्या वाढीबद्दल मात्र एकवाक्यता नाही. कोणी ३५,००० म्हणतो, तर कोणी ५०,०००. मोठा आकडा सांगण्याचा मोह चरित्रकारांना होणे स्वाभाविक आहे. पण खालचा आकडा धरला तरी मुंबईत कोणा एका माणसाच्या घरी एवढी पुस्तके असणे ही विलक्षण गोष्ट होती.

नव्या घराचे सुख रमाबाईंच्या वाट्याला फार आले नाही. चाळीतली काटकसर आणि मुलांचे मृत्यू यांनी त्या खचल्या होत्या. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले. त्यानंतरची काही वर्षे आंबेडकरांच्या आयुष्यातली अत्यंत धकाधकीची होती. १९३५ मध्ये ते सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९३६ मध्ये त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने रद्द केलेले त्यांचे भाषण त्याच वर्षी ‘अनाइहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने त्यांनी स्वतः छापले. त्याच्या पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेखाली ‘राजगृह, दादर, मुंबई १४’ हा पत्ता आहे. त्यातला १४ हा टपाल विभागाचा जुना आकडा आजच्या ४०००१४ या पिनकोडात टिकून आहे. जातिव्यवस्थेचे मूळ उखडा म्हणणारे त्या काळातले सर्वांत धारदार पुस्तक हिंदू कॉलनीच्या पत्त्यावरून निघाले, ही गंमत खुद्द लेखकाच्या नजरेतून सुटली असेल असे वाटत नाही.

पुस्तकांचा खर्च आणि कर्ज यांचा मेळ शेवटपर्यंत बसला नाही. १९४१ मध्ये त्यांनी ‘चार मिनार’ विकले आणि त्या पैशातून देणी भागवली, पुस्तकेही घेतली. म्हणजे भाड्याची इमारत गेली आणि पुस्तकांची इमारत राहिली. संसारी मुंबईकराने नेमके उलटे केले असते.

जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दिल्लीला गेले. तिथून पुढे त्यांचा मुक्काम दिल्लीच्या बंगल्यांत राहिला. आधी पृथ्वीराज रोड, मग कायदेमंत्री असताना हार्डिंग अ‍ॅव्हेन्यू, आणि राजीनाम्यानंतर २६ अलीपूर रोड. राजगृह मुंबईतला उतारा झाले. ग्रंथालयही हळूहळू पांगले. त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले, तेव्हा मोठ्या संख्येने पुस्तके तिकडे गेली. ज्या ग्रंथालयासाठी घर बांधले ते विद्यार्थ्यांच्या हाती पडावे ही योजना त्यांचीच होती. त्यामुळे राजगृह पाहायला येणाऱ्याला हजारो ग्रंथांच्या भिंती दिसत नाहीत. त्या शोधायच्या तर फोर्टमध्ये सिद्धार्थ महाविद्यालयात जावे लागते.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत अलीपूर रोडच्या घरी आंबेडकरांचे निधन झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आणले आणि ७ डिसेंबरच्या पहाटे ते राजगृहात पोहोचले. तोपर्यंत हिंदू कॉलनीचे रस्ते माणसांनी भरून गेले होते. गिरण्यांतले कामगार, गोदीतले मजूर, महापालिकेचे सफाई कामगार, रात्रीच्या गाड्यांनी खेड्यापाड्यांतून आलेले लोक रांगेत उभे होते. दुपारी निघालेली अंत्ययात्रा दक्षिणेकडे परळला, पोयबावडीपर्यंत गेली आणि एल्फिन्स्टन पुलावरून पश्चिमेला वळून दादर चौपाटीला पोहोचली. म्हणजे ती त्यांच्या चाळीच्या परिसरातून गेली. चितेसमोर लाखाच्या घरात लोकांनी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली. त्या जागी उभी राहिलेली चैत्यभूमी आणि राजगृह ही दादरची दोन ठिकाणे तेव्हापासून जोडली गेली. रेल्वेरुळांच्या पश्चिमेला एक, पूर्वेला दुसरे.

राजगृहाचे संग्रहालय सरकारी आखणीतून निघालेले नाही. लोक येतच राहिले, आणि येणाऱ्यांना काही पाहता यावे म्हणून कुटुंबाने तळमजल्यावरच्या खोल्या खुल्या ठेवल्या. मांडणी साधी आहे. वेताच्या खुर्च्या, वापरातली भांडी, पुस्तके, छायाचित्रे, अस्थिकलश. मोठ्या संग्रहालयांत प्रकाशयोजना आणि माहितीचे फलक असतात, ते पाहण्याची सवय झालेल्या माणसाला हे सगळे चटकन पाहून होईल. रांगेतून आलेला माणूस मात्र एखाद्या भांड्यापुढेही थबकतो. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेल्या कुटुंबाला तिथे माहितीफलकाची गरज पडत नाही, कारण बाबासाहेबांचे चरित्र गाण्यांतून आणि भाषणांतून आधीच पाठ झालेले असते. आजी नातवाला खुर्ची दाखवते आणि तिची गोष्ट स्वतःच सांगते.

वस्तू कमी असण्याचे कारण त्यांच्या वाटणीत आहे. उत्तरायुष्यातल्या बऱ्याच वस्तू त्यांच्या दुसऱ्या पत्नी डॉ. सविता आंबेडकर यांच्याकडून पुण्याच्या सिंबायोसिस संस्थेच्या संग्रहालयात गेल्या. नागपूरजवळच्या चिचोलीत कपडे आणि टंकलेखन यंत्र आहे. पुस्तके महाविद्यालयांत आहेत. दिल्लीचे अलीपूर रोडचे घर राहिले नाही, त्या जागेवर एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्रीय स्मारक उघडले. एका माणसाच्या घरातले सामान असे ठिकठिकाणी विखुरलेले आहे. पण स्वतः बांधून घेतलेले, आतली माणसे आणि दाराचे नाव जागेवर असलेले घर राजगृह हेच.

वर्षातले दोन दिवस या गल्ल्यांचे रूप पालटते. १४ एप्रिलला जयंती आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिवाजी पार्कवर मंडप पडतात, पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात, आणि चैत्यभूमीचे दर्शन घेऊन माणसे टिळक पुलावरून पूर्वेला येतात. पांढरे कपडे, खांद्याला पिशवी, हातात नवे पुस्तक किंवा दिनदर्शिका. कॉलनीतल्या रहिवाशांच्या अंगवळणी हे पडले आहे. काही घरांतून पाणी दिले जाते, तर काही घरांच्या खिडक्या बंद राहतात. एरवीच्या दिवशी राजगृह शांत असते. दादर स्टेशनवरून पायी दहा-पंधरा मिनिटांत तिथे पोहोचता येते. जवळच्या रुंद हमरस्त्याचे ‘किंग्जवे’ हे नाव जाऊन आता तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग झाला आहे.

राहते घर आणि स्मारक एकाच छपराखाली असण्यात धोकाही आहे. ७ जुलै २०२० च्या संध्याकाळी राजगृहाच्या आवारात घुसून कुंड्या फोडण्यात आल्या, खिडकीच्या काचा आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्याचे नुकसान करण्यात आले. टाळेबंदीचे दिवस होते, तरी निषेध राज्यभर उमटला. शांतता राखा, राजगृहाजवळ जमू नका, असे आवाहन कुटुंबीयांनी केले. त्यानंतर घराला कायमचा पोलीस बंदोबस्त देण्याचे सरकारने जाहीर केले. फाटकावर पहारा असलेले घर शेजारच्या इमारतींसारखे उरत नाही, हा त्यातला अपरिहार्य भाग.

अशा घराचा प्रश्न परदेशात कसा सोडवला जातो याचे उदाहरणही आंबेडकरांच्याच चरित्रात आहे. १९२१-२२ मध्ये शिकत असताना ते उत्तर लंडनमध्ये प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड येथे राहत. ही वस्तीही आखीव उपनगरातली, ईटन कॉलेजच्या मालकीच्या शेतजमिनीवर एकोणिसाव्या शतकात उठलेली. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ३० लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन ते घर घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढे कॅम्डेन या स्थानिक पालिकेने हरकत घेतली. राहत्या घराचे संग्रहालय करायला परवानगी घेतलेली नाही, आणि वस्तीतले एक घर कमी होते, असे तिचे म्हणणे. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा त्रास होतो अशी काही शेजाऱ्यांची तक्रार होती. २०१८ मध्ये अर्ज नामंजूर झाला, २०१९ मध्ये अपिलाची सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने संग्रहालयाला मान्यता दिली. ज्या शहराने आंबेडकरांना खोली भाड्याने दिली, तिथे शंभर वर्षांनी त्यांच्या खोलीचा दावा नियोजनाच्या नियमांवर चालला. दादरला असा दावा उभा राहण्याचे कारण नव्हते, कारण तिथे घराचे घरपण मोडलेच गेले नाही.

हिंदू कॉलनी स्वतः मात्र बदलते आहे. तीन मजल्यांची अट केव्हाच मागे पडली. १९३० च्या दशकातल्या गोल कोपऱ्यांच्या गॅलऱ्या आणि जाळीदार कठडे असलेल्या इमारती एकामागून एक पुनर्विकासात जात आहेत, आणि त्यांच्या जागी पोडियमवर पार्किंग असलेले टॉवर उठत आहेत. मागच्या गल्लीतले लोखंडी जिनेही त्यांच्याबरोबर जातात, आणि ते कोणासाठी होते हे नव्या रहिवाशांना ठाऊक असण्याची शक्यता कमी. परळच्या बी. आय. टी. चाळीही पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत, आणि आंबेडकरांच्या खोल्या तेवढ्या स्मारक म्हणून राखण्याची घोषणा झाली आहे. ट्रस्टने मुंबईला घरांचे दोन नमुने दिले, मजुराची खोली आणि मध्यमवर्गाचा ब्लॉक. दोन्ही ठिकाणी राहिलेल्या एका माणसामुळे त्यांचा एकेक पुरावा जपला जाण्याची शक्यता आहे.